आईच्या मनाचा रकाना



या वेळी थोडा वेगळा विषय घेते आहे. इतिहास म्हटले की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात (तीसेक वर्षे वर्गात तेच शिकवले, त्यामुळे माझ्याही डोक्यात आधी तेच येते!). पण काही इतिहास फार साध्या गोष्टींचे असतात. एखादी गोष्ट घरोघरी असते, पण कोणी ती मोजत नाही, म्हणून ती नसल्यासारखीच असते. मग कोणीतरी ती मोजते आणि एकदम सगळ्यांना दिसू लागते. गरीब घरातल्या बाळंतिणीच्या मनाचा इतिहास असाच आहे. तो फार जुना नाही. त्यातले एक प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडले, एक रावळपिंडीजवळच्या खेड्यांत, आणि त्याची पूर्वपीठिका मला डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर दिसते.

निमित्त घरचेच आहे. भाचीला नुकतीच मुलगी झाली. रोज संध्याकाळी नातेवाइकांचे फोन येतात आणि "बाळाचे वजन किती भरले?" एवढे विचारून ठेवले जातात. विचारणाऱ्यांत मीही आहेच. त्यावरून हे सगळे वाचायला घेतले. लेख लांबला आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आपल्याकडे बाळंतिणीच्या शरीराचे शास्त्र मोठे. सव्वा महिना बाहेर पडायचे नाही, अंगाला तेल, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, पोटाला पट्टा, कानाला रुमाल. पहिले बाळंतपण माहेरी. आजच्या डॉक्टरांना यातले काही पटेल, काही पटणार नाही. पण या सगळ्यात एक शहाणपण होते, ते म्हणजे बाई एकटी नसे. आई, मावशी, आत्या, कोणी ना कोणी उशाशी असे. ती रडली तर "अगं, दूध आटेल" असे म्हणून का होईना, कोणी पाठीवरून हात फिरवत असे.

मात्र या शास्त्राला डिंक लागतो, तूप लागते, आणि मुख्य म्हणजे घरात एक रिकामी बाई लागते. शेतमजुरी करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, विटभट्टीवर राबणाऱ्या घरात या तिन्ही गोष्टी नसतात. तिथे सव्वा महिन्याचे पंधरा दिवस होतात आणि पंधराचे आठही होतात.

आणि मनाचे काय? त्याला आपल्याकडे शब्द नव्हते असे नाही. एखादी बाई बाळंतपणानंतर भ्रमिष्टासारखी वागू लागली तर 'बाळंतवात झाला' म्हणत. नाहीतर बाहेरचे लागले, दृष्ट लागली. हे झाले जोराच्या आजाराचे. पण जी बाई आरडाओरडा करत नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहते, जिला भूक नाही, झोप नाही, बाळ रडले तरी हात पुढे होत नाही, तिच्यासाठी आपण ठेवलेले शब्द म्हणजे 'आळशी', 'माहेरी लाडावलेली' आणि 'नाटकी'. निदान करण्याऐवजी आपण तिला शेरा दिला.

आता कोसबाडकडे येते.

ताराबाई मोडक (जन्म १८९२) भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून महाराष्ट्रात आल्या. शहरातल्या बालमंदिरांवर त्यांचे समाधान झाले नाही. खेड्यातल्या, गरीब घरातल्या मुलाचे काय, या प्रश्नापोटी त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. लहानपणी लग्न आणि लहानपणीच वैधव्य आलेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत अनुताई तिथेच राहिल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मचरित्र आमच्या पिढीतल्या बऱ्याच शिक्षिकांनी वाचलेले आहे.

या दोघींनी काय केले? बालवाडीत मुले येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची. तीच अंगणवाडी, आणि हा शब्दही तिथलाच. मोठी मुले गुरे राखायला जातात, तर शाळाच कुरणात न्यायची. ती कुरणशाळा. आणि मुली शाळेत का येत नाहीत? कारण कडेवर धाकटे भावंड असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करायची. म्हणजे तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. त्या एकत्रित प्रयोगाला त्यांनी 'विकासवाडी' असे नाव दिले.

मला यातले फार महत्त्वाचे वाटते ते हे, की या दोघींनी मुलाला सुटे पाहिले नाही. मूल घरात गुंतलेले असते, घर मजुरीत गुंतलेले असते, आणि त्या गुंत्यासकट शाळा काढावी लागते, हे त्यांनी ओळखले. भावंडे सांभाळणाऱ्या अशा मुली प्रत्येक शिक्षिकेने पाहिल्या आहेत. माझ्या वर्गातही पाचवीतली एक मुलगी आठवड्यातून दोनतीन दिवस येत नसे. विचारले तर म्हणाली, "बाई, आई उठत नाही. बाळाला मीच बघते." ताप आहे का, पाय दुखतात का, सगळे विचारून झाले. तिने परत तेच सांगितले, "तसं काही नाही बाई. नुसती उठत नाही." हजेरीपटावर हजर असते किंवा गैरहजर असते. 'आई उठत नाही' यासाठी तिथे रकाना नसतो. तो त्या काळी दवाखान्यातल्या केसपेपरवरही नव्हता.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक म्हणून सुरू केली, आणि ताराबाई-अनुताईंचा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. (ताराबाई हे पाहायला नव्हत्या, त्या १९७३ मध्येच गेल्या.) योजनेत सहा सेवा होत्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण आणि पोषण-आरोग्याचे शिक्षण. एवढ्या मोठ्या देशात गावागावात एक बाई बसवून मुलांचे वजन करायचे, तक्त्यावर टिंब काढायचे, घसरलेल्या मुलाकडे लक्ष ठेवायचे, हे काम लहान नव्हते. त्याची टिंगल करणाऱ्यांनी एकदा एखाद्या सेविकेबरोबर दिवसभर फिरावे.

पण त्या योजनेतली आईची नावे बघा. 'गरोदर माता' आणि 'स्तनदा माता'. म्हणजे बाई सरकारी कागदावर येते ती पोटात मूल आहे म्हणून, किंवा अंगावर पिते आहे म्हणून. तिला आहार मिळतो, धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते, लोहाच्या गोळ्या मिळतात आणि उपदेश मिळतो. या सगळ्याची गरज होतीच. पण तिचे मन त्या सहा सेवांत कुठेच नव्हते. ते कोणी मुद्दाम वगळले असे नाही. तो आजार आपल्याकडे असतो, हेच मुळी कोणाच्या मनात नव्हते.

याला कारणही होते. बाळंतपणानंतरच्या मनोविकारांवर पॅरिसच्या लुई व्हिक्टर मार्से या डॉक्टरने १८५८ मध्येच ग्रंथ लिहिला होता. शांतपणे कुढणाऱ्या बायकांकडे ब्राइस पिट या इंग्लंडमधल्या डॉक्टरने १९६८ मध्ये लक्ष वेधले. १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये डॉ. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार केली. तिचे नाव एडिंबरा प्रश्नावली. तुम्हाला हसू येते का, पुढच्या गोष्टींकडे आनंदाने पाहता का, विनाकारण स्वतःला दोष देता का, रडू येते का, असे ते प्रश्न. दहा मिनिटांत संपतात. पण हा पाश्चात्त्य, एकट्या राहणाऱ्या बायकांचा आजार आहे, असा समज तेव्हा जोरात होता. १९८० च्या दशकात काही मानववंशशास्त्रज्ञांनी असे मांडले, की आशिया-आफ्रिकेतल्या बायकांना एकत्र कुटुंब असते, चाळीस दिवसांची विश्रांती असते, न्हाणे-बारसे असते, म्हणून त्यांना हा त्रास कमी होत असावा. आपल्यालाही हे ऐकायला गोडच वाटले असणार. पण ते तपासून कोणी पाहिले होते?

ते तपासणाऱ्यांपैकी एक गट गोव्यातला. मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात 'संगथ' ही संस्था सुरू केली (संगथ म्हणजे सोबत). त्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत गाठले आणि बाळंतपणानंतर त्यांचा पाठपुरावा केला. त्या दहा प्रश्नांचा कोंकणी अवतार वापरला. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ सहा ते आठ आठवड्यांचे असताना ५९ जणी, म्हणजे २३ टक्के, नैराश्याने आजारी होत्या. साधारण चारपाच जणींत एक. त्यांतल्या ७८ टक्के बायकांचे मन गरोदरपणातच बरे नव्हते, म्हणजे सगळा दोष बाळंतपणाचा नव्हे. आणि निम्म्याहून जास्त जणी बाळ सहा महिन्यांचे झाले तरी आजारीच होत्या.

कारणे कोणती निघाली? आर्थिक ओढाताण. नवऱ्याशी बिघडलेले संबंध. आणि बाळ मुलगी असणे! जिच्या घरात उपासमार आहे, मारहाण आहे, तिला मुलगी झाली की त्या दुःखाची धार आणखी वाढत होती. बारशाच्या दिवशी "लक्ष्मी आली" म्हणणारी आपली तोंडे आणि हे आकडे शेजारी ठेवून बघावेत. एकत्र कुटुंब, सव्वा महिना, न्हाणे हे सगळे काही घरांत होते, तरी ते पुरले नव्हते. कारण सोबत म्हणून जी माणसे असायची तीच कधी कधी दुःखाचे कारण होती.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, याच गटाने बाळांबद्दलचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १७१ बाळांची वजने आणि लांबी पाहिली. ज्यांच्या आया सहा-आठ आठवड्यांच्या वेळी नैराश्यात होत्या, ती बाळे सहा महिन्यांची झाल्यावर वजनाने आणि लांबीने मागे असण्याची शक्यता बरीच जास्त होती, आणि मानसिक वाढीच्या चाचणीतही ती मागे होती. म्हणजे अंगणवाडीच्या तक्त्यावर जे टिंब घसरते, त्यामागे कधी कधी आईचे मन असते. सेविका बाईला सांगते, "बाळाला वेळेवर भरव, उकळलेले पाणी दे, लस चुकवू नकोस." तिला हे सगळे ठाऊक असते. अडचण असते ती उठण्याची.

आता या गोष्टीचा दुसरा धागा. गोव्यात हे चालू होते त्याच सुमारास पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्यातल्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान हेच पाहत होते. १६० नैराश्यग्रस्त आणि १६० निरोगी मातांच्या बाळांची त्यांनी वर्षभर नोंद ठेवली (हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला). तिथेही तेच. नैराश्यग्रस्त मातांची बाळे वाढीत मागे आणि जुलाबाने जास्त आजारी. सीमेच्या दोन बाजूंना बायकांचे दुखणे एकसारखे निघाले, यात नवल नाही.

पण रहमान पुढचा प्रश्न विचारून बसले. खेड्यात मनोविकारतज्ज्ञ नाही आणि येणारही नाही. मग करायचे काय? पाकिस्तानात १९९४ पासून 'लेडी हेल्थ वर्कर' म्हणून गावातल्याच शिकलेल्या बायका घरोघरी फिरत असत, आपल्या आशाताईंसारख्या. त्यांना रहमान यांनी अगदी थोडे दिवस प्रशिक्षण दिले. पुस्तकी मानसोपचाराचे सार काढून त्याची घरभेटींत वापरता येईल अशी पद्धत केली, चित्रांच्या साहाय्याने. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक अशा चार भेटी, बाळंतपणानंतर पहिल्या महिन्यात तीन, पुढे महिन्याला एक अशा नऊ. एकूण सोळा.

त्यातली एक युक्ती मला शिक्षिका म्हणून फार आवडली. या बायकांनी 'नैराश्य', 'मनोविकार' हे शब्द वापरायचेच नाहीत. सासूला सांगायचे, बाळ धडधाकट व्हावे म्हणून येते आहे. मग सासू दार उघडते, पाट मांडते आणि स्वतःही ऐकायला बसते. बाळाच्या निमित्ताने आईशी बोलायचे. "माझ्या नशिबातच नाही", "माझ्याने काही होणार नाही" असे विचार मनात आले की ते ओळखायचे, त्याच्या जागी दुसरा विचार ठेवून पाहायचा, आणि पुढच्या भेटीपर्यंत एखादी छोटी गोष्ट करून बघायची. तिची स्वतःची तब्येत, तिचे बाळाशी नाते आणि घरातल्या इतरांशी नाते, असे तीन धडे.

निकाल २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. गावांचे ४० गट होते. निम्म्या गावांत ही नवी पद्धत आणि निम्म्यांत तेवढ्याच नेहमीच्या घरभेटी. सगळ्या मिळून नऊशे नैराश्यग्रस्त गरोदर स्त्रिया. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा नेहमीच्या भेटी मिळालेल्या बायकांत ५३ टक्के अजून आजारी होत्या, नव्या पद्धतीत २३ टक्के. वर्षाअखेर ५९ आणि २७. औषधाची एक गोळीही न देता! बाळांना जुलाब कमी झाले, लसी जास्त जणांच्या पूर्ण झाल्या, आणि आई-वडील दोघेही बाळाशी जास्त वेळ खेळू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये या पद्धतीची पुस्तिका काढली.

इथे थांबले तर गोष्ट छान संपते. पण इतिहास शिकवणाऱ्याने पुढचे पानही वाचून दाखवावे.

एक तर त्या बाळांची वजने आणि उंची दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच निघाली, आणि २००८ च्याच लेखात ते प्रामाणिकपणे लिहिलेले आहे. दुसरे असे, की हीच मुले साधारण सात वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासले. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बुद्धी, वागणूक, शरीराची वाढ, कशातच दोन गटांत म्हणावा तसा फरक उरला नव्हता. आईला आधार मिळाला की मूल आपोआप हुशार होईल, ही आशा या अभ्यासात तरी खरी ठरली नाही. सात वर्षांत मुलाच्या आयुष्यात गरिबी असते, शाळा असते, पाणी असते, बापाची नोकरी असते. पहिल्या वर्षातल्या सोळा भेटींनी हे सगळे कसे पेलायचे?

मग ते पैसे वाया गेले का?

या प्रश्नापाशी मी बरेच दिवस अडखळून होते, आणि मला जे वाटते ते सांगते. आईच्या मनाकडे जगाचे लक्ष गेले ते मुलाच्या वजनामुळे. आई खचली तर मूल खुरटते, तेव्हा आईला सावरा, असे सांगितल्यावरच सरकारे आणि देणगीदार ऐकू लागले. तो युक्तिवाद उपयोगी पडला हे खरे. पण त्याच्या पोटात तीच जुनी 'स्तनदा माता' बसलेली आहे. बाईला बरे करायचे ते मुलासाठी. समजा मुलाच्या उंचीत अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक पडला नाही, तरी जी बाई सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडली असती ती उठली, जेवली, हसली, हा निकाल नाही का? ५३ च्या जागी २३ झाले, या फरकात प्रत्येक आकड्यामागे एकेक बाई आहे. ती कोणाची आई नसती तरी तिला बरे होण्याचा हक्क होताच. मुलासाठी वेगळे काम करावेच लागेल. खेळ, गोष्टी, आहार, चांगली बालवाडी. ताराबाईंनी सांगितलेले ते काम आईच्या मनावर ढकलून सुटका नाही.

याच सुमाराची आपल्या देशातली आणखी एक गोष्ट आहे. झारखंडमधले पश्चिम सिंहभूम आणि सराईकेला-खरसावां, आणि ओडिशातले केंदुझर, या आदिवासी भागांत 'एकजुट' या संस्थेने २००५ ते २००८ या काळात बायकांच्या महिन्याच्या बैठका घेतल्या. गावातलीच एक बाई बैठक चालवी. चित्रे, गोष्टी, खेळ. बाळंतपणात काय अडचणी येतात त्या बायकांनीच सांगायच्या, त्यांतल्या महत्त्वाच्या निवडायच्या आणि उपायही गावानेच ठरवायचे. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी झाले. आणि तिसऱ्या वर्षी मातांमधले मध्यम स्वरूपाचे नैराश्यही ५७ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तिथे मनावर कोणी उपचार केले नव्हते. बायका एकत्र बसल्या, बोलल्या, आणि गावाने त्यांचे ऐकले, एवढेच झाले होते.

रावळपिंडीची पद्धत पुढे गोव्यात आली. या वेळी आरोग्यसेविका नव्हे, तर ज्यांना स्वतःला मुले आहेत अशा वस्तीतल्याच सामान्य बायका घरोघरी गेल्या. गोव्यात त्यांना 'सखी' म्हणत, तिकडे 'रझाकार'. २०१९ मध्ये दोन्हीकडचे निष्कर्ष आले. गुण आला, पण बेताचा, आणि तिकडच्यापेक्षा गोव्यात थोडा जास्त. आता जे ठरवायचे ते या आकड्यांकडेही पाहून ठरवावे.

हे सगळे वाचून मी तीन गोष्टी स्वतःशी पक्क्या केल्या.

पहिली ही, की बोलणे हे भाकरीच्या जागी नाही. गोव्याच्या अभ्यासात कारण म्हणून उपासमार आणि मारहाण निघाली होती. ज्या घरात चूल पेटत नाही तिथे जाऊन "विचार बदल" सांगणे ही थट्टा होईल. रेशन, मजुरी, प्रसूतीची रजा, दारूबंदी, मारणाऱ्या नवऱ्याला वचक, हे सगळे मानसिक आरोग्याचेच काम आहे. त्याला ते नाव नाही, एवढेच.

दुसरी अशी, की हे काम आपण नेहमीप्रमाणे त्याच दोन बायकांच्या डोक्यावर ठेवणार आहोत. अंगणवाडी सेविका आणि आशाताई. दोघीही मानधनावर. वजने, लसी, सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी, आणि आता वर आईचे मन. रकाना वाढवला तर वेळही वाढवून द्यावा, प्रशिक्षण द्यावे आणि त्या कामाचे पैसे द्यावेत. नाहीतर सेविका दहाच्या दहा प्रश्नांपुढे 'नाही' लिहून मोकळी होईल आणि तिला दोष देता येणार नाही. शिवाय तिचे स्वतःचे मन कोण विचारते?

तिसरी गोष्ट आपल्याच हातातली. बाळ बघायला जातो तेव्हा आपण अंगडी-टोपडी नेतो, बाळाच्या हातावर पैसे ठेवतो आणि कोणासारखे दिसते यावर वाद घालतो. त्यात बाळंतिणीसाठी पाच मिनिटे काढावीत. सासूबाई चहा करायला आत गेल्या की जवळ बसून तिलाच विचारावे, "तू कशी आहेस? झोप लागते का? रडू येतं का?" आणि उत्तर ऐकून घ्यावे. "सगळ्यांनाच होतं गं, आम्ही नाही का सहा-सहा काढली" हे वाक्य मात्र घरी ठेवून जावे. पहिल्या आठवड्यातले रडूकोसळे बहुधा आपोआप ओसरते. पण दोन आठवडे उलटून गेले तरी मन उठत नसेल तर डॉक्टरांकडे न्यावे. स्वतःचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, भलतेसलते दिसत-ऐकू येत असेल, तर त्याच दिवशी न्यावे. तिला एकटे ठेवू नये आणि देवऋष्याकडे वेळ घालवू नये. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. त्यावर मराठीतही बोलता येते. घरी काम करायला येणाऱ्या बाईलाही हा क्रमांक सांगून ठेवा, तिच्या वस्तीत तो जास्त कामाचा आहे.

आपल्या नात्यात, शेजारात, शाळेत अशी 'नुसती न उठणारी' आई पाहिली असेल तर जरूर लिहा. कोणाचे नाव-गाव नको. फक्त तिला तेव्हा कशाने आधार मिळाला, की मिळालाच नाही, एवढे लिहा. आणि वाचकांत कोणी सेविका किंवा आशाताई असतील तर त्यांनी आधी लिहावे. त्यांचे म्हणणे मला माझ्या लेखापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते.